उद्यापन नसलेलं व्रत

चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट असं करत पौडच्या रस्त्याला लागलं की आपण मुळशी तालुक्यात येतो. एकेकाळी इथे भातखाचरं होती आणि पावसाळ्यात पुण्याहून सहलीला येणारी माणसं. आता लवळ्यात सिंबायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठं आहेत, पौडजवळ महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुलंमुली या डोंगरांत वसतिगृहांत राहतात आणि मेसमध्ये जेवतात.

अशा कुठल्याही वसतिगृहातली एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. ती काल्पनिक आहे, पण शिकवणाऱ्यांना आणि डॉक्टरांना ती ओळखीची वाटेल. वय एकोणीस. वर्षभरापूर्वी तिने रात्रीची मॅगी आणि कोल्ड्रिंक सोडलं. चेहऱ्यावरचे फोड कमी झाले, वजन थोडं उतरलं, मैत्रिणींनी कौतुक केलं. मग मैदा गेला, साखर गेली. नंतर मेसच्या भाजीवरचा तेलाचा तवंग डोळ्यांत खुपायला लागला. पुढे गहू, दूध, शेवटी भात. आता ती स्वतःचा डबा घेऊन येते. त्यात उकडलेले मूग, काकडी, भिजवलेल्या बिया. यातल्या एकाही पदार्थाला कुणी नाव ठेवू शकणार नाही. तरीही तिचे हात गार पडतात, कंगव्यात केस येतात, दोन जिने चढताना धाप लागते आणि चार महिने पाळी आलेली नाही.

वसतिगृहात सगळ्यांत 'हेल्दी' खाणारी मुलगीच सगळ्यांत अशक्त कशी? प्रत्येक घास चांगला, मग बेरीज वाईट का येते?

पंधरा मिनिटांपूर्वीची भाजी

या अवस्थेला 'ऑर्थोरेक्सिया' म्हणतात, म्हणजे योग्य तेच खाण्याचा ध्यास इतका वाढणं की त्याने तब्येत किंवा रोजचं जगणं बिघडावं. हे नाव स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९९७ मध्ये एका योगविषयक मासिकातल्या लेखात वापरलं. ब्रॅटमन आधी स्वतःच या वाटेवर गेले होते. १९७०च्या दशकात ते न्यूयॉर्क राज्यातल्या एका सामुदायिक वस्तीवर राहत, सेंद्रिय शेती करत आणि सगळ्यांचा स्वयंपाक करत. तिथे प्रत्येकाचं अन्नाचं शास्त्र वेगळं. एकाला मांस चालत नसे, दुसऱ्याला कांदा-लसूण, तिसऱ्याला शिजवलेलं काहीच. ब्रॅटमन त्या सगळ्यांच्या पुढे गेले. जमिनीतून काढून पंधरा मिनिटं उलटलेली भाजी ते खात नसत आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावत. त्यांनीच लिहिलंय की पुढे पुढे मनात अन्नाखेरीज विषय उरला नाही, माणसांत बसून जेवणं संपलं आणि इतरांच्या ताटांकडे पाहून आपण श्रेष्ठ असल्याची भावना मात्र वाढत गेली.

ही श्रेष्ठत्वाची भावना लक्षात ठेवण्यासारखी आहे. ॲनोरेक्सिया या जुन्या, जास्त परिचित आजारात माणसाला वजनाची धास्ती असते आणि तो आपलं न खाणं सहसा लपवतो. इथे काळजी अन्नाच्या शुद्धतेची असते, आणि लपवणं दूरच, त्याचा अभिमान असतो. भोवतालचे लोकही शाबासकी देतात. रोज दारू पिणाऱ्याला कुणीतरी अडवतं, रोज सॅलड खाणाऱ्याला कुणी कशाला अडवेल? प्रत्यक्षात दोन्ही आजारांची सरमिसळ पुष्कळदा दिसते. कधी शुद्धतेच्या नियमांमागे वजनाचीच भीती दडलेली असते, कधी उलट.

एक नियम दुसऱ्याला कसा जन्म देतो

मेसमध्ये ताट पुढे आलं. भाजीवर तेल दिसलं. छातीत किंचित धस्स झालं. भाजी न घेता काकडी घेतली आणि ते धस्स ओसरलं. एवढ्याशा प्रसंगात मेंदू एक धडा शिकतो, की भाजी टाळली म्हणून आपण सुटलो. बक्षीस मिळाल्याने सवय लागते हे आपल्याला माहीत असतं. त्रास टळल्यानेही सवय लागते, आणि ती जास्त चिवट असते. पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या मंत्रचळाच्या रुग्णातही हेच चक्र फिरत असतं. धुतलं की सुटका वाटते, म्हणून पुन्हा धुवावंसं वाटतं.

याची दुसरी बाजू अशी की भाजी खाल्लीच नाही, त्यामुळे ती खाऊन काही होत नाही हा अनुभवही मिळाला नाही. भीती खरी की खोटी हे तपासायची वेळच येत नाही. उलट दर टाळलेल्या घासागणिक ती खरीच होती असं वाटू लागतं.

शिवाय ही सुटका फार टिकत नाही. तेलाचा प्रश्न मिटला की आठवडाभरात काकडीवरच्या फवारणीचा प्रश्न उभा राहतो. काकडी सेंद्रिय आणली तर ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असते. 'आता पुरे' असं सांगणारी रेघ या नियमांत कुठेच आखलेली नसते.

खाण्याचे नियम आपल्याला नवे नाहीत. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडणारी घरं अजून आहेत, सोळा सोमवार करणाऱ्या बायका आहेत. पण त्या व्रतांची घडण पाहा. आरंभी संकल्प असतो, मुदत ठरलेली असते, शेवटी उद्यापन असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा ताटात येतं. आजारी माणसाला, गरोदर बाईला, लहान मुलाला सूट मिळते आणि ती सूट देणारं कुणी वडीलधारं घरात असतं. उपास मोडलाच तर त्यावरही तोडगा असतो. वसतिगृहाच्या खोलीत एकटीने फोन बघत घेतलेल्या व्रताला यातलं काहीच नसतं. मुदत नाही, सूट नाही, उद्यापन नाही. मोडलं तर एकच तोडगा सुचतो, तो म्हणजे उद्यापासून आणखी कडक.

दीक्षित, दिवेकर आणि बाकी सगळे

२०१८ च्या आसपास महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत एकच वाद चालू होता, दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित डॉ. श्रीकांत जिचकारांचा धागा पुढे नेत सांगत होते की कडक भुकेच्या दोनच वेळा ओळखा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण उरका आणि मध्ये काही खाऊ नका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की आजीच्या ताटाकडे परत या, भात-तूप खा, थोडं थोडं पण अनेकदा खा. दोघांचेही हजारो अनुयायी, दोघांच्या सल्ल्याने बरं वाटलेली माणसंही पुष्कळ. चारचौघांसारखा माणूस यातलं सोयीचं तेवढं उचलतो आणि रविवारी मिसळ खातो.

चिंतेकडे झुकलेलं मन वेगळा हिशेब करतं. ते सगळ्या गुरूंच्या मनायांची बेरीज करतं आणि परवानग्या मात्र सगळ्यांना मान्य असतील तेवढ्याच घेतं. एकाने दोनदाच जेवा म्हटलं, ते घेतलं. दुसऱ्याने पाकीटबंद टाळा म्हटलं, तेही घेतलं. तिसरा दुधाविरुद्ध, चौथा गव्हाविरुद्ध, पाचवा सूर्यास्तानंतर खाण्याविरुद्ध. असे आठ-दहा जण ऐकले की दिवसभरात खाता येईल असं ताटात उरतं ते काकडी आणि मूग. यातला कुणीही एकटा गुरू दोषी नसतो.

फोन ही बेरीज आपोआप करून देतो. ज्या व्हिडिओवर बोट थबकतं, तसलेच पुढे येत राहतात, आणि बोट भीतीवर जास्त थबकतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या दोन संशोधकांचा २०१७ मधला एक अभ्यास आहे. आरोग्य-आहाराची खाती पाहणाऱ्या ६८० जणांकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली. इन्स्टाग्रामचा वापर जितका जास्त, तितका ऑर्थोरेक्सियाकडे कल जास्त असं दिसलं. इतर कोणत्याही समाजमाध्यमाबाबत तसं दिसलं नाही. अर्थात इन्स्टाग्राममुळे कल वाढतो की असा कल असणारेच इन्स्टाग्रामवर जास्त रमतात, हे अशा एका वेळच्या पाहणीतून ठरवता येत नाही.

लेबल वाचण्याची सवय वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. २०२३ मध्ये मुलांच्या एका लोकप्रिय पेय-पावडरीतल्या साखरेवरचा व्हिडिओ गाजला आणि अनेक घरांत पहिल्यांदा डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली गेली. ते चांगलंच झालं. लेबल वाचून वस्तू घेणं किंवा न घेणं आणि लेबल न मिळाल्यामुळे मावशीच्या घरी उपाशी बसणं, यांत फरक आहे.

फुटबॉलच्या स्टेडियमखाली

आता शरीराकडे वळू, कारण एका टप्प्यानंतर हा ध्यास नुसत्या विचारांवर चालत नाही. पदार्थ कमी होत गेले की बहुतेकांच्या पोटात जाणारी ऊर्जाही नकळत कमी होते, आणि ऊर्जा कमी पडली की मेंदू स्वतःच अन्नाचा ध्यास घेतो.

हे कळलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका प्रयोगातून. १९४४ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांमध्ये ॲन्सल कीज या शरीरशास्त्रज्ञांनी ३६ तरुणांना घेऊन अभ्यास सुरू केला. सगळे धडधाकट, सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून लढायला नकार दिलेले, आणि युद्धाने उपाशी झालेल्या युरोपला मदत व्हावी म्हणून स्वखुशीने आलेले. आधी काही आठवडे पोटभर जेवण. मग २४ आठवडे अर्धपोटी. दिवसाला सुमारे १५७० कॅलरी, मुख्यतः बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. वजन सरासरी पाव हिश्श्याने उतरलं.

यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. शुद्ध अन्नाचं वेडही नव्हतं. तरी काही आठवड्यांत त्यांची बोलणी अन्नाभोवती फिरू लागली. जे कधी स्वयंपाकघरात गेले नव्हते ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. छोटंसं जेवण तास-दोन तास पुरवून खायचं, अन्नात पाणी घालून ते वाढवायचं, ताट चाटायचं. विनोद बंद झाले, मैत्री आटली, मुलींमधला रस गेला, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली.

वसतिगृहातली ती मुलगी तासभर डबा घेऊन बसते, रात्री झोपेऐवजी पाककृतींचे व्हिडिओ पाहते, मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं टाळते. तिला वाटतं की हा आपला आहाराविषयीचा गंभीर रस आहे. त्यातला किती भाग तिच्या मनाचा आणि किती भुकेचा, हे पोट भरल्याशिवाय तिलाही सांगता येणार नाही. म्हणूनच समजावून सांगणं आधी आणि खाणं नंतर, हा क्रम सहसा चालत नाही.

पोटाची साक्ष

'पण मला गहू खाल्ला की खरंच फुगतं!' हे खोटं नसतं. पोट खरोखर फुगतं, फक्त कारण वेगळं असू शकतं.

बरेच दिवस कमी खाल्लं की जठर आपलं काम मंदावतं. अन्न तिथून पुढे सरकायला जास्त वेळ लागतो, म्हणून थोडं खाल्लं तरी टच्च वाटतं. दुसरं, मोठ्या आतड्यातले जिवाणू रोजच्या आहाराला सरावलेले असतात. एखादी डाळ किंवा पोळी कित्येक महिने बंद ठेवून एकदम खाल्ली, तर पहिल्या काही दिवसांत वायू जास्त होतो. तिसरं कारण अपेक्षेचं. त्रास होणार असं पक्कं वाटत असेल तर त्रास खरोखर जाणवतो. औषधांच्या चाचण्यांत साध्या पिठाच्या गोळीनेही काहींना मळमळ आणि डोकेदुखी होते, ती याच वाटेने. याला 'नोसिबो' परिणाम म्हणतात.

तिन्ही मिळून एक फसवा पुरावा तयार होतो. टाळल्यामुळे आलेला त्रास हाच टाळण्याचं समर्थन ठरतो. ज्यात खरोखर गहू बाधतो असा सीलिएक नावाचा आजार आहे, आणि त्यासाठी रक्ततपासणी आहे. मात्र ती गहू चालू असतानाच करावी लागते, आधीच सोडून दिला तर निकाल फसवा येऊ शकतो. दुधातली साखर न पचणं तर आपल्याकडे सर्रास आढळतं, पण अशा पुष्कळांना दही आणि ताक चालतं. स्वतःचं निदान रीलवरून करणाऱ्याला हे बारकावे कुणी सांगत नाही.

भाताची बदनामी

या सगळ्यात सर्वांत अन्याय झाला असेल तर तो भातावर, आणि तोही मुळशीत. धरणाखाली भातजमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या प्रकल्पाविरुद्ध सत्याग्रह केला. त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण व्हायचं ते झालंच. उरलेल्या खाचरांत आजही आंबेमोहोर आणि इंद्रायणी पिकतो, शिजताना घरभर वास सुटतो. त्या तालुक्यात बसून भाताला 'रिकाम्या कॅलरी' म्हणायचं आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला किन्वा कुरियरने मागवायचा, याला काय म्हणावं?

मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण विसाव्याला असताना एकूण ऊर्जेच्या सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. एरवी त्याचं इंधन ग्लुकोज, दिवसाला साधारण १२० ग्रॅम. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम पिष्ट असतं, त्यातून हे ग्लुकोज मिळतं. पिष्ट मिळालं नाही तर शरीर यकृतातला साठा काढतं, मग स्नायूंतली प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतं, मग चरबीपासून पर्यायी इंधन तयार करतं. म्हणजे भात सोडल्याने कुणी लगेच बेशुद्ध पडत नाही. पण परीक्षेच्या आठवड्यात अर्धपोटी राहून लक्ष लागत नाही, चिडचिड होते, तेव्हा दोष आळसाला दिला जातो.

मधुमेह असलेल्याने भाताचं प्रमाण सांभाळणं वेगळं, आणि दिवसभर डोंगर चढउतार करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने वाटीभर भाताला घाबरणं वेगळं. नाचणी आणि वरीचंही तसंच. या डोंगरउतारांवर पिकणारी ही धान्यं गरिबाघरची म्हणून हिणवली गेली. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तीच चकचकीत पाकिटांतून परत आली. नाचणी उत्तमच. पण तिने भाताला हाकलून द्यावं असं काही तिच्यात नाही.

शरीर कुठे काटछाट करतं

कमाई घटली की शरीर आधी तातडीची नसलेली कामं थांबवतं. केसांची वाढ, हातापायांची ऊब, आणि मुलींमध्ये पाळी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तो ठरावीक अंतराने संप्रेरकाचे झोत सोडतो, त्यावर खालची पिट्युटरी ग्रंथी चालते आणि तिच्या हुकमाने बीजांडकोश. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन आणि रोजची मिळणारी ऊर्जा यांवरून हायपोथॅलॅमसला अंदाज येतो की सध्या मूल वाढवण्याइतकी सुबत्ता आहे का. नसेल तर झोत विरळ होतात, बीज तयार होत नाही, पाळी थांबते. वजन अगदी 'नॉर्मल' असतानाही हे घडू शकतं, आणि म्हणूनच ते नजरेतून सुटतं.

पाळी थांबणं म्हणजे इस्ट्रोजेन कमी होणं, आणि इस्ट्रोजेन हाडांची राखण करतं. हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत जमा होतो. जमा करण्याच्या वयातच खर्च सुरू झाला तर तो पुढे पुरता भरून निघेलच असं नाही. मुलांमध्ये पाळीसारखी उघड खूण नसते. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन घटतं, व्यायामातून सावरायला वेळ लागतो. जिममध्ये जाणारा, उकडलेलं चिकन डब्यातून नेणारा आणि मित्राच्या वाढदिवसाचा केक नाकारणारा मुलगाही याच लेखाचा विषय आहे. त्याच्याकडे या नजरेने फार क्वचित पाहिलं जातं.

पुण्यासाठी आणखी एक खास गोष्ट. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं. त्यांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते मांस, अंडी, मासे आणि दुधातून येतं. धडधाकट माणसाच्या यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो. पण शाकाहारी घरात वाढलेल्या मुलीचा साठा मुळातच तुटपुंजा असेल आणि तिने दूध-दहीही सोडलं, तर तळपायाला मुंग्या येणं, थकवा, विसरभोळेपणा यायला फार काळ लागत नाही. दूध सोडणं हा नैतिक निर्णय असेल तर त्याचा आदर करावा, आणि बी-१२ची गोळी घ्यावी.

किती जणांना हे आहे?

इथे आकडे जपून वाचावे लागतात. २००५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी 'ऑर्टो-१५' नावाची पंधरा प्रश्नांची चाचणी तयार केली आणि जगभरच्या विद्यापीठांत ती विद्यार्थ्यांना वाटली गेली. निकाल धक्कादायक येत. पण चाचणी नीरक्षीरविवेक करत नव्हती. 'खाताना आरोग्याचा विचार करता का?' अशा धर्तीच्या प्रश्नांना कुणीही समंजस माणूस हो म्हणेल. २०१७ मध्ये थॉमस डन आणि सहकाऱ्यांनी २७५ अमेरिकी विद्यार्थ्यांवर हे तपासलं. ऑर्टो-१५ प्रमाणे ७१ टक्के विद्यार्थी ऑर्थोरेक्सियाचे निघाले. त्याच विद्यार्थ्यांना आहारामुळे तब्येत, अभ्यास किंवा नाती खरोखर बिघडली का हेही विचारलं, तेव्हा आकडा एक टक्क्याच्याही खाली आला.

म्हणून 'दहातल्या सात मुलांना हा आजार' अशी बातमी दिसली तर ती बाजूला ठेवावी. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत ऑर्थोरेक्सिया स्वतंत्र आजार म्हणून नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही नाही. नंतर स्पेनमध्ये तयार झालेल्या तेरुएल चाचणीने आरोग्यदायी खाण्याची साधी आवड आणि तिचा त्रासदायक ध्यास या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला सुरुवात केली. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या विषयात झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम आहे.

चौकट : आवड की ध्यास?

• ताटात काय आहे यापेक्षा नियम मोडल्यावर काय होतं ते पाहा. चुटपुट लागून विसरली जाते, की दोन दिवस अपराधी वाटतं आणि भरपाई म्हणून उपाशी राहिलं जातं?
• चालणाऱ्या पदार्थांची यादी वर्षभरात वाढली की आटली?
• दुसऱ्याच्या हातचं खाता येतं का? सणाला घरी जाणं, लग्न, सहल जेवणामुळे टाळली जाते का?
• सोडलेल्या पदार्थामागे डॉक्टरांची तपासणी आहे की व्हिडिओ?
• पाळी चुकणं, चक्कर, सतत थंडी, केस गळणं, गाजर-भोपळ्यावरच राहिल्याने तळहात पिवळे पडणं, यांतलं काही आहे का?

बाहेरची वाट

ऑर्थोरेक्सियावरच्या उपचारांचे मोठे अभ्यास अजून झालेले नाहीत. डॉक्टर ॲनोरेक्सिया आणि मंत्रचळाच्या उपचारांतून पद्धती उसन्या घेतात. आधी रक्त, हाडं, हृदयाचे ठोके तपासून धोका किती ते पाहतात. फारच खालावलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणं घातक ठरू शकतं, कारण रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरतं. तिथे रुग्णालयच हवं. बाकीच्यांसाठी आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून एक चढण आखतात. टाळलेल्या पदार्थांची कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत यादी करायची आणि खालच्या पायरीपासून एकेक खायला लागायचं. आधी घरचं दही, मग पोळी, मग मेसची आमटी, शेवटी मित्रांबरोबर वडापाव. खाल्ल्यावर धस्स होतं, पण भरपाई न करता थांबलं तर ते आपोआप ओसरतं, आणि टाळल्यामुळे न मिळालेला अनुभव इथे मिळतो. पहिल्या आठवड्यांत पोट फुगणार हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तोच पुरावा धरून माणूस मागे फिरतो.

ब्रॅटमन सावरले ते एका ख्रिस्ती साधूच्या संगतीत. त्याने त्यांना चिनी हॉटेलात नेलं, मग आइस्क्रीम खाऊ घातलं. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जुनं आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं आणि पुढे गाय-म्हशीचं दूध न घेण्याचं व्रत धरलं. खेडा सत्याग्रहानंतर ते इतके आजारी पडले की डॉक्टरांनी दुधाशिवाय उभं करता येणार नाही म्हणून हात टेकले. खाटेपाशी उभ्या कस्तुरबा म्हणाल्या की मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी. गांधीजींनी ते घेतलं. व्रताचं अक्षर पाळलं पण आत्मा मोडला, ही बोच त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलीय. पण ते जगले. पुढे १९४६ मध्ये याच पुणे जिल्ह्यात, उरुळी कांचनला, त्यांनी निसर्गोपचाराचा आश्रम सुरू केला. म्हणजे आहाराच्या प्रयोगांवरचा विश्वास काही उडाला नव्हता.

कस्तुरबांनी वाद घातला नाही, दूध चांगलं की वाईट यावर व्याख्यान दिलं नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणीला हेच जमण्यासारखं आहे. 'तू किती बारीक झालीस' हे वाक्य टाळावं, काहींना ती शाबासकी वाटते. 'भातात काही वाईट नसतं' हेही नको, कारण त्यावर तिच्याकडे चाळीस व्हिडिओ तयार असतात. 'हल्ली तू जेवायला आमच्यात नसतेस, चुकल्यासारखं वाटतं' एवढं म्हणावं आणि तिच्याशेजारी आपलं नेहमीचं ताट घेऊन बसावं. पाळी थांबली असेल तर तिला डॉक्टरकडे घेऊन जावं, सोबत जाणं सांगण्यापेक्षा उपयोगी पडतं. विद्यापीठात समुपदेशक असेल तर उत्तम. नसेल किंवा तिथे जायचा संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.